काचघर आणि मांजरपाट

काचघर म्हटले की आपल्याला काच आठवते. मला मात्र त्याचा इतिहास वाचताना नेहमी खिडकी आठवते. काच ऊन आत घेते आणि तापलेली हवा कोंडून ठेवते. थंडीत हे वरदान. उन्हाळ्यात त्याचीच भट्टी होते.

लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८५१ साली भरलेल्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस उभा राहिला. त्याची कल्पना होती जोसेफ पॅक्स्टन या माळ्याची. चॅट्सवर्थच्या बागेतल्या काचघरात १८४९ साली त्याने दक्षिण अमेरिकेतली, महाकाय पानांची कुमुदिनी फुलवली होती. बंद काचेखाली रोपांचे काय होते, हे त्याला ठाऊक होते. आता काचेखाली माणसे यायची होती. साडेपाच महिन्यांत ६० लाखांवर लोक आले!

विजेचे पंखे तेव्हा नव्हते. पॅक्स्टनने भिंतींत उघडमिटीच्या पट्ट्यांची झडपे बसवली, काही जमिनीलगत, काही उंचावर. गरम हवा हलकी होऊन वर चढते आणि वरच्या झडपांतून निघून जाते. तिची जागा खालून येणारी गार हवा घेते. छतावर त्याने बाहेरून कोरे सुती कापड पसरले. आपण त्याला मांजरपाट म्हणतो, इंग्रज कॅलिको. हे नाव आपल्याच कालिकत बंदरावरून पडलेले. तरीही जूनअखेरच्या उकाड्यात हे सारे अपुरे पडले आणि काही काचा काढून वारा आत घ्यावा लागला.

मंडळी, आज गच्चीवर छोटे हरितगृह उभारणाऱ्याला हाच धडा उपयोगी आहे. आधी सावलीची जाळी, मग वर आणि खाली झडपा, आणि शेवटी पंखा. उन्हाळ्यात मिनिटाला एकदा आतली सगळी हवा बदलावी, असा ठोकताळा आहे. म्हणजे १० फूट लांब, ८ फूट रुंद आणि ७ फूट उंच घराला मिनिटाला ५६० घनफूट हवा बाहेर फेकणारा पंखा हवा. तो एका टोकाला असावा आणि झडप समोरच्या टोकाला. झडपेवर ओला वाळ्याचा पडदा लावला तर विदर्भात छान गारवा मिळतो. कोकणच्या दमट हवेत मात्र फारसा नाही, कारण तिथे पाणी लवकर उडत नाही.

सावली देणे आणि वाट मोकळी ठेवणे, एवढेच तर रोपाचे मागणे असते. माणसाचे तरी याहून वेगळे काय असते?