शोगुनाची तक्रारपेटी

१७२१ साली एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, निहोनबाशी पुलापाशी एक नवा फलक लागला. सरकारी हुकूम लाकडी फळीवर लिहून वर्दळीच्या ठिकाणी उभा करायचा ही जपानची जुनी रीत. ख्रिस्ती धर्म पाळायचा नाही, आग लागली तर काय करायचं, अशा हुकमांचे फलक तिथे असायचेच. नव्या फलकाचा सूर मात्र वेगळा होता. तुम्हाला काही सांगायचं असेल तर लिहून आणा, असं शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या, सरकारनं रयतेला कळवलं होतं.

आठवा शोगुन तोकुगावा योशिमुने याची ही कल्पना. तो एदोत वाढलेला नव्हता. कीई प्रांताचा कारभार सांभाळून १७१६ मध्ये तो गादीवर आला, आणि वाकायामाच्या किल्ल्याबाहेर फिर्यादींची पेटी ठेवण्याचा प्रयोग त्यानं तिथे आधीच केला होता. एदोत आल्यावर त्याला खजिना रिकामा दिसला आणि दरबारी मंडळींचा घट्ट वेढा दिसला. बाहेर काय चाललंय हे त्याच्यापर्यंत पोचायचं ते दहा जणांच्या हातांतून गाळून. मधले हात टाळण्यासाठी त्यानं ह्योजोशो या वरिष्ठ न्यायसभेच्या दारात पेटी ठेवली. तिचं नाव मेयासुबाको.

पेटीचे नियम मोठ्या विचारानं केलेले होते. महिन्यातून तीन दिवस, म्हणजे २, ११ आणि २१ तारखेला, ती बाहेर यायची. कारभाराच्या हिताची सूचना, अधिकाऱ्यांचा भ्रष्टाचार, वर्षानुवर्षं रखडलेला खटला, एवढं तिच्यात चालायचं. स्वतःचा फायदा, कुणावरचा जुना राग आणि ऐकीव गोष्टी चालायच्या नाहीत. अर्ज बंद करून द्यायचा आणि त्यावर नाव-पत्ता लिहायचा. निनावी कागद जाळला जाई. पेटी कुलूपबंद अवस्थेतच किल्ल्यात जायची आणि शोगुनच्या समोर उघडायची. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच टेबलावर ती जाऊन पडण्याचा अनुभव आपल्याकडे कुणाला नाही? तो धोका योशिमुनेनं मुळातच बंद केला होता.

नाव लिहायला लावलं म्हणजे लोक घाबरणार, असं कुणालाही वाटेल. पण पहिल्याच वर्षी यामाशिता कोनाई नावाच्या एका रोनिननं, म्हणजे धनी नसलेल्या सामुराईनं, सरळ शोगुनच्याच धोरणावर टीका करणारा लांबलचक अर्ज टाकला. वरून लादलेल्या काटकसरीनं व्यापार थंडावतो आणि गरिबाचा रोजगार जातो, असा त्याचा रोख होता. त्याला शिक्षा झाली नाही. उलट त्याच्या धीटपणाचं कौतुक झालं. पेटीवर विश्वास बसायला अशी एक गोष्ट पुरेशी असते.

दुसरा अर्ज जास्त फळला. कोइशिकावा भागातल्या ओगावा शोसेन या वैद्यानं १७२२ च्या सुरुवातीला लिहिलं, की शहरात ज्यांना कुणी नाही असे गरीब आजारी पडले तर बघायला माणूस नसतो. त्यांच्यासाठी सरकारनं रुग्णालय काढावं. योशिमुनेनं काम शहराचा कारभारी ओओका तादासुके याच्याकडे सोपवलं. वर्ष सरायच्या आत कोइशिकावाच्या सरकारी औषधी बागेत चाळीस रुग्णांची सोय असलेलं योजोशो हे रुग्णालय सुरू झालं आणि ओगावालाच प्रमुख नेमलं गेलं.

आणि तिथे कुणी येईना! बाग औषधी वनस्पतींची, तेव्हा आत नेऊन आपल्यावर औषधं तपासून बघणार, अशी आवई उठली. ओओकानं लोकांना धाकदपटशा केला नाही. त्यानं एदोतल्या मोहल्ल्यांच्या मुखियांना बोलावून रुग्णालय आतून दाखवलं, म्हणजे ते परत जाऊन आपापल्या गल्लीत सांगतील. हळूहळू रुग्ण वाढले, खाटा शंभरावर गेल्या. शोगुनशाही संपेपर्यंत, जवळपास दीडशे वर्षं, ते चाललं. आज तिथे तोक्यो विद्यापीठाचं वनस्पती उद्यान आहे. योजोशोची विहीर अजून शाबूत आहे. १९२३ च्या भूकंपात तिथे आसऱ्याला आलेल्या लोकांची तहान तिनंच भागवली.

इतकं असूनही पेटीची मर्यादा मोठी होती. आत काय पडलं हे एका माणसाला कळायचं. यामाशितानं काय लिहिलं हे शेजारच्या दुकानदारानं वाचावं आणि त्यावर वाद घालावा, अशी सोय तिच्यात नव्हती. ज्या वर्षी रुग्णालय उघडलं त्याच वर्षी, १७२२ मध्ये, योशिमुनेच्याच सरकारनं छपाईवर कडक हुकूम काढला: पुस्तकावर लेखक-प्रकाशकाचं खरं नाव हवं, तोकुगावा घराण्याबद्दल काही छापायचं नाही. राज्यकर्त्याला प्रजेचं ऐकायचं होतं. प्रजेनं एकमेकांशी राज्याबद्दल बोलावं हे मात्र त्याला नको होतं. एवढ्या शहाण्या राज्यकर्त्यालाही ही पायरी ओलांडता आली नाही, याची खंत वाटते.

ती पायरी ओलांडायला १८७४ उजाडलं. शोगुनशाहीनंतर आलेल्या मेइजी सरकारनंही सुरुवातीला तक्रारपेट्या ठेवल्या होत्या. १८७३ मध्ये त्या बंद झाल्या. पुढच्याच जानेवारीत इतागाकी ताइसुके या राजकीय नेत्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी निवडून आलेली विधानसभा द्या असा अर्ज सरकारला दिला, आणि तो ‘निश्शिन शिंजिशी’ या वृत्तपत्रात छापून आला. तोच मजकूर पेटीत पडला असता तर फार तर एक उत्तर मिळालं असतं. छापल्यामुळे देशभर वाद पेटला. सरकार इतकं बिथरलं की १८७५ मध्ये त्यानं वृत्तपत्रांवर आणि बदनामीवर कडक कायदे आणले आणि संपादक तुरुंगात जाऊ लागले. तरी १८९० मध्ये संसद भरलीच.

सरकारचे कागद नागरिकानं वाचायचे, हा उलटा प्रवास आणखी उशिरा सुरू झाला, आणि तोही राजधानीतून नव्हे. १९८२ मध्ये यामागाता प्रांतातल्या कानायामा या छोट्या गावानं माहिती खुली करण्याचा देशातला पहिला स्थानिक कायदा केला. महाराष्ट्रानं २००२ मध्ये स्वतःचा कायदा केला आणि केंद्राचा २००५ मध्ये आला, तसंच तिथेही वाट खालून वर गेली. १९९५ च्या सुमारास नागरिकांच्या लोकपाल गटांनी प्रांत सरकारांकडे खानपानाच्या खर्चाची बिलं मागितली. अधिकाऱ्यांनीच अधिकाऱ्यांना दिलेल्या मेजवान्या आणि कागदोपत्री झालेले दौरे त्यातून उघडे पडले. वृत्तपत्रांनी ते लावून धरले आणि प्रांतोप्रांती पैसे परत करावे लागले. राष्ट्रीय कायदा १९९९ मध्ये मंजूर होऊन एप्रिल २००१ पासून लागू झाला. त्याखाली कागद मागायला जपानचं नागरिकत्व लागत नाही. भारतात मात्र हा हक्क नागरिकालाच आहे. जपानमध्ये कागदी अर्जाचं शुल्क ३०० येन.