नव्या गाडीचं जुनं शहाणपण

शोरूममधून नवी पिकअप घरी येते तेव्हा बॉनेटवर झेंडूचा हार असतो, चाकांखाली लिंबं ठेवलेली असतात, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. किल्लीबरोबर एक जाड पुस्तिकाही मिळते. ती डॅशबोर्डच्या खणात जाते आणि पुष्कळदा गाडी विकली जाईपर्यंत तिथून हलत नाही. ऑइल किती किलोमीटरला बदलायचं, कुठला फिल्टर केव्हा, टायरमध्ये हवा किती, असली रूक्ष कोष्टकं वाचायची कुणी? पण ही पुस्तिका म्हणजे शंभर वर्षांच्या अनुभवाचा सारांश आहे. तिच्या जवळजवळ प्रत्येक ओळीमागे कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी रस्त्यावर बंद पडलेली एक गाडी उभी आहे.

हा विषय हौसेचा नाही. आपल्याकडे पिकअप घेणारा माणूस ती मिरवायला घेत नाही. कुणी भाजी बाजार समितीत पोचवतो, कुणी दुधाचे कॅन, कुणी मंडपाचं सामान. गाडी बहुधा कर्जावर असते. हप्ते चालू असतात तोवर कमाईतला मोठा वाटा वित्त कंपनीकडे जातो. मालकाची खरी कमाई सुरू होते ती हप्ते फिटल्यावर. नेमकं त्याच सुमाराला इंजिनचं काम निघालं तर सगळा हिशेब फसतो. आणि सहाव्या-सातव्या वर्षी इंजिन कसं असेल, हे बऱ्याच अंशी पहिल्या दोन-तीन वर्षांत ठरून गेलेलं असतं. हे शहाणपण माणसाला कसकसं येत गेलं, ते पाहण्यासारखं आहे.

पिकअपचं मूळ अमेरिकेतल्या शेतांवर सापडतं. हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ ही मोटार १९०८ मध्ये बाजारात आली. तिच्या मागच्या बाजूला लाकडी पेटी ठोकून शेतकरी तीतून माल नेऊ लागले. १९१७ मध्ये कंपनीनं ‘मॉडेल टीटी’ ही एक टन भार पेलणारी चॅसी काढली. तिच्यावरचा हौदा मात्र गिऱ्हाइकानं बांधून घ्यायचा. शेवटी एप्रिल १९२५ मध्ये कारखान्यातूनच हौदा लावून आलेली गाडी २८१ डॉलरना विक्रीला आली. ‘पिकअप बॉडी’ हे शब्द तिच्या नावातच होते.

ही गाडी स्वस्त होती, पण रोज सेवा मागणारी होती. तिच्या इंजिनात तेलाचा पंप नव्हता, फिल्टर नव्हता, तेल मोजायची डिपस्टिकही नव्हती. फ्लायव्हील फिरताना जे तेल उडे त्यावर इंजिनाचे भाग भिजत. तेल पुरेसं आहे का हे पाहायचं, तर गाडीखाली हात घालून दोन छोटे नळ उघडायचे. वरच्या नळातून तेल आलं तर भरपूर आहे. खालच्यातूनही आलं नाही तर गाडी जागची हलवायची नाही. शेतकरी हे सगळं स्वतः करी, कारण गॅरेज कित्येक मैल दूर असे. गाडी चालवणारा आणि गाडी सांभाळणारा, हे दोघे वेगळे असतात ही कल्पनाच तिथं नव्हती.

नवी गाडी जपून चालवायची हा नियमही त्याच पिढीचा. त्या काळी सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा आजच्याइतक्या अचूक घडवता येत नसत. नवे भाग एकमेकांवर घासून नीट बसायला वेळ लागे आणि त्या घासण्यातून निघालेला धातूचा कीस तेलात उतरे. म्हणून पहिले काहीशे मैल सावकाश जायचं आणि पहिलं तेल लवकर काढून टाकायचं. ब्रिटनमध्ये तर नव्या मोटारीच्या मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ अशी पाटी लावत. मागच्यानं समजून घ्यावं आणि पुढे निघून जावं. आज यंत्रं कितीतरी अचूक झाली असली तरी रिंगा आणि सिलिंडर यांची ओळख व्हावीच लागते. म्हणून पहिले हजारभर किलोमीटर पूर्ण भार नको, एकाच वेगानं तासन्तास धावणं नको आणि गाडी उभी करून इंजिन फुरफुरवत ठेवणं तर नकोच. नेमकं अंतर आपापल्या गाडीची पुस्तिका सांगते.

दुसरा जुना शत्रू म्हणजे धूळ. धुळीतले वाळूचे कण साध्या पोलादाहून कठीण असतात. ते सिलिंडरमध्ये शिरले की आतून पॉलिश पेपर मारल्यासारखं काम सुरू होतं. १९२३ मध्ये अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्ग या दोघा अमेरिकनांनी मोटारीच्या तेलासाठी फिल्टर पुढे आणला. त्याचं ‘प्युरोलेटर’ हे नाव ‘शुद्ध’, ‘तेल’ आणि ‘नंतर’ अशा अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांचा जोड आहे. हवेचे फिल्टरही सुधारत गेले. पण फिल्टर धूळ अडवतो, ती नाहीशी करत नाही. ऊसतोडणीच्या हंगामात शेतरस्त्यानं फेऱ्या करणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर डांबरी रस्त्यावरच्या गाडीपेक्षा कितीतरी आधी भरतो. पुस्तिकेत धुळीच्या आणि जड कामासाठी वेगळं, कमी अंतराचं कोष्टक असतं. आपल्या बहुतेक पिकअपना तेच लागू पडतं आणि नेमकं तेच पान वाचलं जात नाही.

ग्रीसची कथाही अशीच. पूर्वी सांध्यांवर ग्रीसच्या लहान वाट्या बसवलेल्या असत. त्यांची झाकणं हातानं पिळून ग्रीस आत ढकलायचं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास शिकागोच्या आर्थर गुलबोर्ग यांनी दाबानं ग्रीस भरणारी गन आणली, आणि १९२९ मध्ये ऑस्कर झर्क यांना त्यांच्या सुटसुटीत जोडाचं पेटंट मिळालं. आपले मिस्त्री ज्याला नुसतं ‘निपल’ म्हणतात तो हाच. ग्रीस भरताना जुनं, काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन दाबायची, ही गॅरेजमधली शिकवण आजही बरोबर आहे. नव्याबरोबर आतली माती आणि पाणी बाहेर पडतं.

डिझेल इंजिन आलं तेव्हा नवा धडा मिळाला. अमेरिकेतल्या कॅटरपिलर कंपनीनं १९३१ मध्ये डिझेलवरचा ट्रॅक्टर विक्रीला आणला. डिझेलच्या उष्णतेत आणि काजळीत साधं तेल टिकेना. पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटून बसू लागल्या. यावर तेल कंपन्यांनी १९३० च्या दशकात उपाय काढला तो मैल सोडवणाऱ्या द्रव्यांचा. साबण जसा कपड्यातला मळ सोडवून पाण्यात धरून ठेवतो, तसं हे तेल काजळी स्वतःत धरून ठेवतं. म्हणूनच डिझेल गाडीचं नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं. ते बिघडलेलं नसतं. ते आपलं काम करत असतं. पण मळ धरून ठेवण्याची त्याची ताकद कधीतरी संपते. ती केव्हा संपली हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून किलोमीटर आणि महिने मोजायचे.

देखभालीची खरी शाळा भरली ती दुसऱ्या महायुद्धात. काल-परवापर्यंत मोटारीला हात न लावलेले लाखो तरुण जीप आणि ट्रक चालवू लागले. १९४४ मध्ये निघालेल्या अमेरिकी लष्कराच्या जीप-पुस्तिकेत ड्रायव्हरची कामं वेळेनुसार लावून दिली होती: निघण्यापूर्वी काय पाहायचं, चालवताना काय ऐकायचं, थांब्यावर कुठं हात लावून बघायचा आणि काम संपल्यावर काय करायचं. पण पुस्तिका सैनिकही वाचत नसत. तेव्हा व्यंगचित्रकार विल आयस्नर यांनी ‘आर्मी मोटर्स’ या लष्करी मासिकात ‘जो डोप’ नावाचा वेंधळा सैनिक उभा केला. जो प्रत्येक चूक करायचा आणि वाचणारे हसत हसत शिकायचे. १९५१ मध्ये याच कामासाठी लष्करानं ‘पीएस’ हे मासिक काढलं आणि आयस्नर यांनी १९७१ पर्यंत त्यासाठी काम केलं. गाडी गॅरेजमध्ये नव्हे, ड्रायव्हरच्या हातात टिकते, हे त्या साऱ्या खटाटोपाचं सार होतं.

हीच जीप युद्धानंतर आपल्याकडे आली. त्याआधी १९२८ पासून मुंबईत जनरल मोटर्सच्या गाड्यांची जोडणी होत होती. १९४७ मध्ये वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीचा कुर्ल्याचा कारखाना सुरू झाला. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनी मुंबईत विलीस जीप जोडू लागली. १९५४ मध्ये टाटा-मर्सिडीज ट्रक आले. १९५८ मध्ये सुरू झालेल्या बजाज टेम्पोनं तर भाषेलाच एक शब्द दिला. मालाच्या कुठल्याही छोट्या गाडीला आपण अजून ‘टेम्पो’ म्हणतो. १९८८ मध्ये पुण्यातून टाटांची ‘टाटामोबाइल’ ही पिकअप बाहेर पडली.

या इतिहासात एका माणसाची नोंद क्वचितच होते. तो म्हणजे ट्रकवरचा क्लीनर. नाव क्लीनर, पण त्याचं काम पुसण्यापुरतं नव्हतं. पहाटे रेडिएटरचं पाणी पाहायचं, टायरवर टॉमी मारून आवाजावरून हवा ओळखायची, नट ढिले झालेत का बघायचं, पाट्यांत तडा गेलाय का पाहायचं, तेलाचा थेंब कुठून पडतोय ते शोधायचं. जीपच्या पुस्तिकेतली सगळी कामं आपल्याकडे या पोरानं, एक अक्षर न वाचता केली. पुढे तोच ड्रायव्हर होई, तेव्हा गाडीची नस त्याला ठाऊक असे. पिकअपवर मात्र क्लीनर नसतो. एका माणसाचा पगार वाचला, पण त्याचे डोळे आणि कानही गेले, आणि त्याचं काम कुणाच्याच वाट्याला आलं नाही.

गाड्या सुधारल्या म्हणून ही उणीव बरीच वर्षं जाणवली नाही. एकेकाळी अमेरिकन गाड्यांचं मीटर पाच आकडीच असे. लाख मैलांनंतर ते पुन्हा शून्यावर येई, कारण त्यापुढं गाडी जाईल अशी फारशी अपेक्षाच नव्हती. पुढे बेअरिंग सीलबंद झाली. १९६० च्या दशकात फोर्डमधल्या जॉर्ज ब्रुअर यांच्या प्रयत्नांतून गाडीचा सांगाडा विजेच्या साहाय्यानं रंगात बुडवून काढण्याची पद्धत रुळली आणि गंज लांबला. कोकणच्या खाऱ्या हवेत त्याचं मोल कळतं. तरी दगड लागून रंग उडाला की गंज तिथूनच सुरू होतो, हे तिथला कुठलाही मिस्त्री सांगेल.

जुनं शहाणपण जसंच्या तसं चालत नाही, हेही आता लक्षात घ्यायला हवं. पूर्वी आपल्या डिझेलमध्ये गंधक भरपूर असे. ते जळून आम्ल तयार होई आणि ते मारण्यासाठी तेलात अल्कधर्मी द्रव्यं जास्त लागत. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आलं आणि गंधक दहा लाख भागांत १० भागांवर उतरलं. त्याबरोबर बहुतेक डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर बसला. तो सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमानाला स्वतःची काजळी जाळून मोकळा होतो, पण त्यासाठी गाडी काही काळ सलग धावावी लागते. गल्लीबोळात दिवसभर थांबत-थांबत फिरणाऱ्या गाडीला ती संधी मिळत नाही. दिवा लागला की मोकळ्या रस्त्यावर, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी धावू द्यायची. लगेच इंजिन बंद करायचं नाही. या गाड्यांना तेलही कमी राखेचं लागतं. ‘आम्ही वीस वर्षं हेच जाड ऑइल घालतो’ असं म्हणून जुनं तेल ओतलं, तर त्याची राख त्या महागड्या फिल्टरमध्ये साठत जाते आणि ती जळत नाही. तसंच कूलंटचं. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी घालायची सवय जुन्या रेडिएटरनं कशीबशी सोसली. आजच्या इंजिनातल्या अरुंद वाटा त्या क्षारांनी बुजतात.

एक गोष्ट मात्र १९१७ मध्ये होती तशीच आज आहे. गाडीवर किती भार टाकायचा हे गाडी ठरवते, गिऱ्हाईक नाही. ज्यादा माल टाकून मिळालेलं भाडं त्याच दिवशी खिशात येतं. क्लच, पाटे, बेअरिंग आणि ब्रेक यांचं बिल तीन वर्षांनी येतं, आणि तेव्हा त्या फेऱ्या कुणाला आठवत नाहीत.

म्हणून नवी पिकअप घेणाऱ्यानं क्लीनरचं काम स्वतःच्या अंगावर घ्यावं. सकाळी दहा मिनिटं: ऑइल, कूलंट, टायर, गाडीखालची जमीन. आठवड्याला एअर फिल्टरवर एक नजर. डिझेल फिल्टरमधलं पाणी सांगितलेल्या वेळी काढून टाकायचं. घाट चढून आल्यावर टर्बो असलेलं इंजिन मिनिटभर हळू चालू ठेवून मग बंद करायचं. शंभर रुपयांची एक वही गाडीत ठेवावी. तारीख, किलोमीटर, काय केलं, एवढंच लिहावं. वॉरंटीच्या वेळी ती कामाला येते, विकताना किंमत राखते आणि मुख्य म्हणजे आपली आपल्यालाच आठवण देते.

खंडेनवमीला आपण हत्यारांची, अवजारांची पूजा करतो. ज्याच्यावर पोट आहे ते झिजतं, त्याची विचारपूस करावी, हा त्यामागचा जुना विचार. पिकअपच्या बाबतीत ही विचारपूस वर्षातून एकदा करून भागत नाही. ती रोज सकाळची आहे. तिचं फळ मिळतं ते शेवटचा हप्ता फिटल्यानंतर, जेव्हा गाडी पहिल्यांदा पूर्णपणे आपल्यासाठी धावू लागते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)