तारोडीवरही पोर्तुगीजांचं राज्य होतं, मग पोर्तुगालचा पासपोर्ट गोवेकरांनाच का? आणि तिथलं जगणं खरंच इतकं भारी आहे का?

भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेरून उत्तनकडे निघालं की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं मागे पडतात. टॉवर विरळ होतात, डोंगर जवळ येतो आणि रस्त्याच्या कडेला क्रूस दिसायला लागतात. इथेच डोंगरी आणि तारोडी ही गावं लागतात. मेट्रो ९ च्या कारशेडमुळे डोंगरीचं नाव अलीकडे बरेचदा बातम्यांत येतंय. तारोडीचं मात्र मीरा रोडला राहणाऱ्या कित्येकांनी ऐकलेलंही नसतं.

या पट्ट्यात डिसोझा, परेरा, गोन्साल्विस अशी आडनावं सर्रास भेटतात. तीच गोव्यात, तीच थेट लिस्बनमध्येही. फरक इतकाच की इथली माणसं घरात मराठी बोलतात आणि चर्चमध्ये प्रार्थनाही मराठीत करतात. आता सोशल मीडियावर 'पोर्तुगालचा पासपोर्ट कसा मिळवायचा' छापाच्या रील्स फिरत असतात. गोव्यातल्या कुणाला तरी तो मिळाल्याचं कानावर येतं. मग साहजिकच प्रश्न पडतो की राज्य तर आपल्याकडेही त्यांचंच होतं, मग आपल्याला का नाही?

भानगड आहे २२२ वर्षांची

२३ डिसेंबर १५३४ ला गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसईच्या तहात वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. मुंबईची बेटं, साष्टी, धारावी बेट असं सगळं त्यांच्या ताब्यात गेलं. हे धारावी बेट म्हणजे माहीम-सायनची धारावी नव्हे. उत्तन, चौक, पाली, डोंगरी, तारोडी हा जो समुद्राकडचा भाग आहे, त्याला धारावी बेट म्हणायचे. मुंबईची बेटं पुढे १६६१ मध्ये राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला आंदण गेली, पण धारावी बेट आणि वसई पोर्तुगीजांकडेच राहिली.

मग चिमाजी अप्पांची मोहीम आली. चौकजवळच्या धारावी किल्ल्यासाठी मराठे आणि पोर्तुगीज चांगलेच झुंजले, आणि मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पडल्यावर उत्तरेतली पोर्तुगीज सत्ता जवळपास संपली. दमण आणि दीव तेवढं हातात राहिलं. गोव्यातून पोर्तुगीज गेले ते १९ डिसेंबर १९६१ ला. म्हणजे तारोडीहून पोर्तुगीज गेल्यावर २२२ वर्षांनी.

पासपोर्टचा सगळा खेळ या मधल्या काळातच झाला. जन्ममृत्यूची सरकारी नोंद, नागरिकत्वाचा कायदा, ओळखपत्रं या गोष्टी १७३९ मध्ये नव्हत्याच. चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याची नोंद व्हायची, बस्स. गोव्यात मात्र विसाव्या शतकात जन्मलेलं मूल पोर्तुगीज सरकारच्या दफ्तरात चढत होतं आणि पोर्तुगालच्या कायद्याने ते पोर्तुगीज नागरिक होतं. १९६१ मध्ये भारताने गोवा घेतला, पण पोर्तुगालने भारताचा हक्क मान्य केला तो १९७४ अखेरच्या करारात, तोही स्वतःच्या देशातली हुकूमशाही पडल्यावर.

त्यामुळे पोर्तुगालचं म्हणणं साधं आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेला माणूस आमचाच होता, त्याने लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात जन्माची नोंद करून घ्यावी. त्याची नोंद झाली की मुलांना आणि नातवंडांनाही तो रस्ता खुला होतो. यात धर्माचा संबंध नाही, गोव्यातला हिंदू किंवा मुसलमानही अर्ज करू शकतो. उलट तारोडीतल्या माणसाचं आडनाव कितीही पोर्तुगीज असलं तरी त्याचा उपयोग शून्य.

आता मुद्द्याचं: पगार

गंमत म्हणजे 'पगार' हा शब्दच पोर्तुगीज आहे. चावी, साबण, कोबी, घमेलं, लिलाव, पाव आणि नाताळ हेही तिकडूनच आलेले.

पोर्तुगालमध्ये २०२५ साली किमान वेतन होतं महिन्याला ८७० युरो. एक युरो शंभर रुपयांचा धरला तर ८७ हजार रुपये. शिवाय पगार वर्षातून १४ वेळा मिळतो. सुट्टीचा एक जादा आणि नाताळचा एक जादा. आठवड्याला कायद्याने ४० तास काम, वर्षाला २२ दिवस भरपगारी रजा. रील इथेच संपते.

पुढचा हिशेब असा. या ८७० मधले ११ टक्के सामाजिक सुरक्षेसाठी कापले जातात, हातात उरतात साधारण ७७४ युरो. आणि लिस्बनमध्ये एक बेडरूमच्या घराचं भाडं हजार युरोच्या वर आहे. म्हणजे किमान वेतनावर एकट्याने घर घेणं शक्यच नाही. दक्षिण आशियातून गेलेले बरेच कामगार म्हणूनच एका खोलीत अनेक जण राहतात. बरं, हा त्रास फक्त बाहेरून आलेल्यांना आहे असंही नाही. २०२४ मध्ये तिथला सरासरी पगार कापाकापीच्या आधी सुमारे १,६०० युरो होता. युरोस्टॅटच्या आकड्यांनुसार पोर्तुगीज तरुण सरासरी २९ व्या वर्षाच्या आसपास आईवडिलांचं घर सोडतात. युरोपातली पोरं अठराव्या वर्षी वेगळी राहतात हा आपला समज निदान पोर्तुगालला लागू होत नाही.

दोन देशांची तुलना करताना म्हणूनच नुसता रुपयांत हिशेब करून चालत नाही. डॉलरमध्ये मोजलं तर पोर्तुगालचं दरडोई उत्पन्न भारताच्या दहापट भरतं. पण तिथे चहा, भाडं, केस कापणं सगळंच महाग. तो महागाईचा फरक धरून मोजलं की दहापट उतरून साडेचार-पाच पटीवर येतं. तरीही अंतर मोठंच आहे, फक्त रीलमध्ये दिसतं तेवढं नाही.

खरा फरक पगाराच्या चिठ्ठीत दिसत नाही

पोर्तुगालमध्ये जन्मलेलं मूल सरासरी ८२ वर्षं जगेल असा अंदाज असतो, भारतात हाच आकडा ७२ च्या आसपास. हजार बाळं जन्मली तर वर्षाच्या आत दगावणारी तिथे तीनच्या आसपास, भारतात २५. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकात २०२३ च्या आकड्यांवर पोर्तुगाल ४० व्या आणि भारत १३० व्या क्रमांकावर आहे.

हे कशामुळे? १९७९ मध्ये तिथे सरकारी आरोग्य सेवा सुरू झाली आणि ती सगळ्यांसाठी आहे. आजारपणात घर विकायची पाळी येत नाही. अर्थात रांगा आहेत. पंधरा लाखांहून जास्त लोकांना ठरलेला फॅमिली डॉक्टर मिळालेला नाही, आणि देशाची लोकसंख्याच एक कोटी सात लाखांच्या आसपास आहे. प्रवासाचं बोलायचं तर लिस्बन आणि भोवतालच्या पूर्ण महानगरात बस, मेट्रो, ट्रेन आणि बोट यांना मिळून महिन्याचा एकच पास ४० युरोत मिळतो. बस, रिक्षा आणि लोकल असं तिहेरी गणित रोज मांडणाऱ्या भाईंदरकराला याची किंमत वेगळी सांगायला नको.

पण पोर्तुगाल आधीपासून असा नव्हता, आणि हेच नेमकं सांगितलं जात नाही. सालाझारच्या हुकूमशाहीत तो पश्चिम युरोपातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी एक होता. १९७० मध्ये दर चारांतल्या एकाला लिहिता-वाचता येत नव्हतं. साठच्या दशकात लाखो पोर्तुगीज फ्रान्सला पळाले, कित्येक जण बेकायदा. पॅरिसजवळच्या शांपिन्यी इथे त्यांची चिखलातली मोठी झोपडपट्टी होती. २५ एप्रिल १९७४ ची क्रांती, मग १ जानेवारी १९८६ ला युरोपीय समुदायात प्रवेश, यानंतर चित्र पालटलं. आजही वीस लाखांच्या आसपास पोर्तुगीज परदेशात राहतात. म्हणजे आपली पोरं जिथे जायची स्वप्नं बघतात, तिथली पोरं स्वित्झर्लंड आणि लक्झेंबर्गच्या नोकऱ्या शोधत असतात.

गोवेकरांचंही वेगळं नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेले हजारो गोवेकर पोर्तुगालमध्ये राहिलेच नाहीत, ते इंग्लंडला गेले. स्विंडन नावाच्या शहरात तर गोवेकरांची मोठी वस्तीच झाली. ब्रेक्झिटनंतर, १ जानेवारी २०२१ पासून, युरोपीय पासपोर्टवर इंग्लंडमध्ये नव्याने जाऊन थेट कामाला लागायचा रस्ता बंद झाला. आता खुद्द पोर्तुगाल, आयर्लंड, जर्मनी असे पर्याय उरलेत.

आणि संस्कृती? मासे सुकवण्यापासून सुरू करू

उत्तन-पाली-चौकच्या किनाऱ्यावर पावसाळा सोडला की बांबूंवर लटकवलेले बोंबील वाळताना दिसतात. पोर्तुगाल हा युरोपीय संघात माणशी सगळ्यात जास्त मासे खाणारा देश. आणि त्यांचा लाडका मासा कुठला, तर खारवून सुकवलेला कॉड, म्हणजे 'बाकल्याव'. तो त्यांच्या समुद्रात मिळतही नाही, नॉर्वेसारख्या थंड मुलखातून येतो. नाताळच्या आदल्या रात्री बटाटा आणि कोबीसोबत उकडलेला बाकल्याव हे तिथल्या घराघरातलं जेवण. सुक्या मासळीचा वास आला म्हणून शेजाऱ्यांची तक्रार मुंबईच्या सोसायट्यांमध्ये येते, तिथे येणार नाही.

धर्माच्या बाबतीत मात्र उलटं झालंय. २०२१ च्या जनगणनेत पोर्तुगालमधल्या सुमारे ८० टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हटलं. पण तिथे आता निम्म्याहून जास्त मुलं लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या किंवा लग्न न केलेल्या पालकांची असतात, आणि २०१० पासून समलिंगी विवाहही कायदेशीर आहे. ज्यांनी चारशे-पाचशे वर्षांपूर्वी इथे धर्म आणला, त्यांच्याच देशात तो सणापुरता उरत चाललाय. इकडे उत्तन-डोंगरीच्या पट्ट्यात रविवारची मिस्सा आणि चर्चचा सण हा अजून अख्ख्या गावाचा कार्यक्रम असतो. तारोडीहून लिस्बनला गेलेल्या एखाद्या आजीला घर परकं वाटणार नाही, चर्च कदाचित वाटेल.

कायद्यातही अशीच एक मजा आहे. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा कुटुंब आणि मालमत्तेच्या बाबतीत अजून चालतो. त्यामुळे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायको दोघांचा मालमत्तेत निम्मा-निम्मा वाटा असतो, मग धर्म कोणताही असो. तारोडीतल्या ख्रिस्ती कुटुंबाला लागू होतो तो १९२५ चा भारतीय वारसा कायदा, आणि त्यात लग्नाने असा निम्मा वाटा आपोआप मिळत नाही. खुद्द पोर्तुगालने आपला जुना कायदा १९६६ मध्येच बदलून टाकला. म्हणजे तिथे मोडीत निघालेलं पुस्तक गोव्यात अजून उघडलं जातं.

घेतलं तर सोडायचं काय?

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. राज्यघटनेचं कलम ९ आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा दोन्ही सांगतात की स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. अनेकांना वाटतं की लिस्बनला फक्त 'जन्माची नोंद' करून ठेवली तर काही बिघडत नाही, पासपोर्ट नंतर बघू. इथेच लोक अडकले. नुसती नोंद म्हणजे नागरिकत्व घेतलं का, यावरून वाद झाले. गेल्या काही वर्षांत अशा गोवेकरांचे भारतीय पासपोर्ट जमा करून घेण्याऐवजी थेट रद्द केले गेले आणि मग ओसीआय कार्डासाठी लागणारा पासपोर्ट जमा केल्याचा दाखला कुठून आणायचा, हा पेच उभा राहिला.

ओसीआय म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयाला मिळणारं कायमस्वरूपी येण्या-राहण्याचं कार्ड. त्यावर नोकरी करता येते, फ्लॅट घेता येतो. मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते. ज्या घरात जमिनीचे तुकडे भावाभावांत वाटायचे आहेत, तिथे हा मुद्दा पासपोर्टच्या रंगापेक्षा मोठा ठरतो.

तारोडीकराला यातला एक रस्ता थोडा खुला आहे, लग्नाचा. जोडीदार पोर्तुगीज नागरिक असेल तर लग्नाला तीन वर्षं झाल्यावर अर्ज करता येतो. सोडाव्या लागणाऱ्या गोष्टींची यादी मात्र तीच राहते.

या सगळ्या प्रवासाचं उलटं टोक बघायचं तर अंतोनियो कोस्टा यांचं नाव घ्यावं लागतं. वडील लेखक ओर्लांदो द कोस्टा, त्यांचं घराणं मडगावचं. अंतोनियो २०१५ ते २०२४ पोर्तुगालचे पंतप्रधान होते आणि डिसेंबर २०२४ पासून युरोपीय परिषदेचे अध्यक्ष आहेत. जानेवारी २०१७ मध्ये ते भारतात आले तेव्हा पंतप्रधान नरेंद्र मोदींनी बंगळुरूत त्यांच्या हातात ओसीआय कार्ड ठेवलं. नंतर ते मडगावातल्या घरीही जाऊन आले. कार्डाचे नियम त्यांनाही तेच, मडगावात मतदान त्यांनाही करता येत नाही.