निवडुंगाचा किडा आणि बोर्लीची रानमोडी

बोर्ली पंचतनहून दिवेआगरच्या किनाऱ्याकडे जातांना वाटसरूची दृष्टि साहजिकच नारळी-पोफळींच्या बागांकडे वळते. वाटेच्या कडेला माजलेल्या झुडपांकडे सहसा कोणी पाहत नाहीं. तांबड्या-पिवळ्या फुलांची घाणेरी आणि पांढुरक्या फुलांची रानमोडी कोंकणांत इतक्या परिचयाच्या झाल्या आहेत कीं, त्या येथल्याच अशी समजूत व्हावी. वस्तुतः दोघींचेंही माहेर अमेरिका खंडांत आहे. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानांत शोभेचें झुडूप म्हणून आणण्यांत आली. त्याच शतकांत रानमोडीनेंही या देशांत पाऊल टाकलें.

तथापि परदेशांतून आलें एवढ्यावरूनच एखाद्या झाडास शत्रु लेखणें अन्यायाचें होईल. दिवेआगर येथें शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, मराठी ताम्रपट सांपडला आहे. तो ज्यांच्या देखत कोरला गेला त्यांनीं मिरचीची चव कधीं घेतली नव्हती, काजूचें बोंड पाहिलें नव्हतें. पुढें पोर्तुगीजांच्या जहाजांतून हीं झाडें आलीं, आणि आज त्यांवांचून कोंकणी स्वयंपाकघराची कल्पनाही करवत नाहीं. मग एक पाहुणा घरचा होतो आणि दुसरा घरच बळकावूं पाहतो, याचें कारण काय? उत्तर फड्या निवडुंगाच्या इतिहासांत सांपडतें.

निवडुंगही मूळचा अमेरिकेचाच. त्यावर पोसणाऱ्या एका किड्यापासून मौल्यवान किरमिजी रंग मिळे, आणि त्या व्यापाराच्या दोऱ्या स्पेनच्या हातीं होत्या. तो रंग आपल्या मुलखांत पिकवावा या लोभानें, ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानींत, १७९५ मध्यें हा किडा ब्राझीलहून बंगालमध्यें आणला गेला. परंतु आला तो खरा रंगाचा किडा नव्हेच. त्याचा रानटी भाऊबंद! रंगाचा बेत फसला. मात्र ज्या निवडुंगावर त्यास सोडलें, त्या निवडुंगाचाच त्यानें फडशा पाडला. हा गुण ध्यानांत येतांच १८३६ ते १८३८ च्या दरम्यान तो मुद्दाम दक्षिणेंत नेण्यांत आला. तणाच्या नाशासाठीं हेतुपुरस्सर किडा योजल्याचें जगाच्या इतिहासांतील हें पहिलें उदाहरण मानलें जातें.

पण गोष्ट येथें संपत नाहीं. निवडुंगाच्या दुसऱ्या एका जातीस हा किडा तोंड लावीना, आणि ती जात शेतें व कुरणें अडवून राहिली. अखेर १९२६ मध्यें सिंहलद्वीपांतून वेगळ्या जातीचा किडा आणला, तेव्हां कोठें ती हटली. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियानें अर्जेंटिनाहून एक पतंग आणला, आणि त्याच्या अळ्यांनीं तेथील कोट्यवधि एकर जमीन निवडुंगाच्या तावडींतून सोडविली.

यांतून बोध असा कीं, झाड परमुलखांत येतें तेव्हां त्याचे जन्माचे वैरी मागें राहतात, म्हणून तें माजतें. पण तो वैरी शोधून आणण्यास काळ लागतो, आणि एकाचा वैरी दुसऱ्यावर चालत नाहीं. गाजरगवत पुण्याजवळ १९५५ च्या सुमारास नजरेस आलें. त्यावरील मेक्सिकोचा भुंगेरा बंगळूरकडे सोडला गेला तो १९८४ मध्यें. मधलीं जवळजवळ तीस वर्षें गवतानें वायां घालविलीं नाहींत! घाणेरीवर तर अनेक कीटक सोडून पाहिले. परंतु बागवानांनीं संकर करून वाढविलेल्या या झुडपाच्या इतक्या तऱ्हा आहेत कीं, कोणताही कीटक तिला पुरा पडला नाहीं.

बोर्लीच्या परिसरास हा इतिहास आज विशेष लागू पडतो. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलें, आणि पिढ्यांनीं जोपासलेल्या पोफळी कांहीं तासांत आडव्या झाल्या. नवी पोफळ फळास येण्यास पांच-सात वर्षें तरी लागतात. सुपारी गेली हें सर्वांस दिसलें. सांवली गेली हें थोड्यांसच दिसलें. रानमोडीस हवी असते ती नेमकी अशी मोकळी, उन्हाची जमीन. तिचें हलकें बीं वाऱ्यावर उडतें, गुरें तिला तोंड लावीत नाहींत, आणि उन्हाळ्यांत वाळलेल्या तिच्या काटक्या वणव्यास आयतें सरपण होतात. ज्या वाडीचा धनी मुंबईस राहतो, ती वाडी तिला आंदण दिल्यासारखीच आहे.

उपाय साधे आहेत, पण वेळेवर करावयाचे आहेत. रानमोडी हिंवाळ्यांत फुलते; म्हणून पावसाळ्यांत माती मऊ असतांनाच ती मुळासकट उपटली पाहिजे. घाणेरी वरून छाटली तर पुन्हां जोमानें फुटते. जमिनीच्या किंचित् खालीं, खोड आणि मूळ जेथें जुळतात त्याच्याही खालून तोडून बुंधा उलटा टाकला, तर ती मरते. मोकळ्या झालेल्या जागीं लागलीच दुसरें कांहीं लावावें, आणि पुढचीं दोन-तीन वर्षें नव्या रोपट्यांवर नजर ठेवावी. नाहींतर सारे श्रम फुकट जातात.

१७९५ ची चूक दैवयोगानें लाभाची ठरली. दैव प्रत्येक वेळीं असें धांवून येईलच, असें मानून बसणें शहाणपणाचें नाहीं. पोफळीची सांवली पुन्हां दाट होईपर्यंत ती जमीन राखणें, हें बोर्ली-दिवेआगरच्या माणसांच्याच हातांचें काम आहे.