दोरी गेली, रॉड आला : श्रीगोंद्याच्या कातळात सरळ भोक पाडण्याचा इतिहास

पेडगावचा बहादूरगड म्हटला, की १६८९ चा फेब्रुवारी आठवतो. छत्रपती संभाजी महाराजांना कैद करून औरंगजेबासमोर आणले गेले ते हेच ठिकाण. श्रीगोंदा तालुक्यातील या भुईकोटाच्या भीमेकडील अंगाला आणखी एक वास्तू आहे. त्या स्मृतीच्या छायेत तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे हत्तीमोट. नदीचे पाणी मोठ्या मोटेने वर ओढून किल्ल्यात घेण्याची ही व्यवस्था होती. पाणी डोळ्यांसमोर, त्याची खोली दोराच्या लांबीने मोजलेली आणि ओढणारे बळ हत्तीचे.

आज याच तालुक्यात पाण्याचा शोध घेतला जातो तो साधारण साडेसहा इंच व्यासाच्या, शेकडो फूट खोल भोकातून. बोअरची गाडी शेतात येते, चार पोलादी पाय जमिनीवर टेकवते आणि स्वतःला चाकांसकट उचलून घेते. बघ्यांचे लक्ष तेव्हा नारळ फोडणाऱ्याकडे आणि पाणाड्याने केलेल्या खुणेकडे असते. पण ते भोक उपयोगाचे ठरणार की नाही, याचा बराचसा निकाल त्या चार पायांवर लागतो. या पायांचा इतिहास कुणी फारसा सांगत नाही.

प्रथम कातळाविषयी. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग दख्खनच्या बेसाल्टने व्यापलेला आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचले. कुठे एकसंध काळा पाषाण, कुठे विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो सच्छिद्र खडक, तर कुठे दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा. पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या भागात आणि भेगांत असते. म्हणून शतकानुशतके येथील विहीर रुंद आणि उथळ राहिली. पहार, सुरुंग आणि यारी यांच्या बळावर ती खाली जाई आणि तिची कड उभी उतरते आहे की नाही हे गवंड्याचा ओळंबा सांगे. ओळंब्याला जमीन सपाट असण्याची गरज नसते. दोरीला बांधलेले वजन कुठेही सोडा, ते पृथ्वीच्या मध्याकडेच बोट दाखवते.

खोल भोके पाडणारी जुनी यंत्रेही याच तत्त्वावर चालत. चीनच्या सिचुआन प्रांतात मिठाच्या पाण्यासाठी बांबूच्या दोराला जड पहार टांगून, ती पुन्हा पुन्हा उचलून आपटत भोक पाडले जाई. झिगाँगची शेनहाय विहीर १८३५ साली १,००० मीटरपलीकडे पोहोचली ती अशा पद्धतीने. पुढे पाश्चात्त्य देशांत लोखंडी दोराची यंत्रे आली, त्यांचेही तत्त्व हेच. या पद्धतीचा फार मोठा गुण असा, की टांगलेले हत्यार हाच ओळंबा असतो. यंत्र थोडे कलले तरी दोर सरळच लोंबतो. दोष एकच, वेग. बेसाल्टसारख्या खडकात दिवसभर आपटून काही फूटच पदरी पडत.

वेगाचा प्रश्न १९५० च्या दशकात सुटला. बेल्जियमच्या स्टेन्युइकने असा हातोडा विकसित केला, जो दाबलेल्या हवेवर चालतो आणि भोकाच्या तळाशी, थेट बिटाच्या डोक्यावर घाव घालतो. हवा रॉडच्या पोकळीतून खाली जाते आणि खडकाचा भुगा घेऊन वर येते. जे काम आठवडे खाई ते एका दिवसात होऊ लागले. मात्र या सौद्यात एक गोष्ट हातची गेली. हत्यार आता दोरीला टांगलेले नव्हते. पोलादी रॉडला जखडलेले होते, आणि रॉड गाडीवरच्या मास्टला. मास्ट जिकडे झुकेल तिकडे भोक जाणार. उभेपणाची जबाबदारी गुरुत्वाकर्षणाने सोडली आणि ती गाडीखालच्या जमिनीवर येऊन पडली.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. गाडी केवळ १ अंशाने कललेली असेल, तर ६० मीटर खोलीवर भोक १ मीटरहून अधिक बाजूला सरकते, २०० मीटरवर सुमारे साडेतीन मीटर. नलिकाकूपांच्या भारतीय मानकात ३० मीटरमागे १० सेंटिमीटर विचलन चालते. म्हणजे १ अंशाची चूक मर्यादेच्या पाचपट होते, आणि १ अंश डोळ्यांना दिसतही नाही. तरीही एकसारखे तिरपे गेलेले भोक निदान सरळ तरी असते. खरा घात होतो तो बाकाने. काम अर्ध्यावर असताना गाडीचा एक पाय खचला, की वरचा मास्ट एका दिशेला आणि आधी पडलेले भोक दुसऱ्या दिशेला, अशा ओढाताणीत रॉड वाकतात, त्यांचे आटे तुटतात आणि भोकाला कोपर येते. पुढे सबमर्सिबल मोटार सोडताना ती त्या कोपरात अडकते. मोटार आणि भोकाची भिंत यांच्यात जेमतेम बोटभर अंतर असते. मोटार अडकलेले बोअर पाण्याने भरलेले असूनही मेलेलेच.

या जागी हायड्रॉलिक जॅकचा प्रवेश होतो. मूळ कल्पना जुनी आहे. बंदिस्त द्रवावरचा दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो, हा ब्लेझ पास्कलचा विचार त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली छापला गेला. त्यावर आधारित दाबयंत्राचे पेटंट लंडनच्या जोसेफ ब्रामाने १७९५ साली घेतले. मधली सव्वाशेहून अधिक वर्षे प्रामुख्याने घट्ट बसणारा, न गळणारा दट्ट्या बनवण्याच्या अडचणीची आहेत. तत्त्व कळणे आणि गळती थांबणे यांत केवढे अंतर असू शकते, याचा हा नमुना. एक साधे उदाहरण घेऊ. १० सेंटिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला १५० किलोचा दाब असलेले तेल सोडले, तर तो सुमारे पावणेबारा टन उचलतो. असे चार पाय असतील तर भरलेली गाडी टायर आणि पाट्यांवरून पूर्णपणे वर येते. हे आवश्यकच असते, कारण टायर दबतात, पाट्या लवतात आणि हातोड्याच्या प्रत्येक ठोक्याला गाडी डुलते.

जुन्या यंत्रांना हाताने फिरवायचे स्क्रू जॅक आणि खाली लाकडी ठोकळे असत. गाडी समतल करणे हे घाम गाळण्याचे काम होते. तेलाच्या जॅकने ते चार दांडक्यांवर आणले. चालक एकेक दांडके दाबतो, समोरच्या पाणसळीतला बुडबुडा मध्यावर येईपर्यंत पाय वरखाली करतो. सिलिंडरच्या तोंडाशी एक झडप असते, जी तेल आत कोंडून ठेवते. नळी फुटली तरी पाय खाली बसत नाही. सबंध यंत्रातील ही बहुधा सर्वांत दुर्लक्षित वस्तू असावी, पण बारा-चौदा तास कातळ फोडताना गाडी जागची हलत नाही ती तिच्यामुळे.

महाराष्ट्रात ही यंत्रविद्या आली ती दुष्काळाच्या वाटेने. १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळानंतर युनिसेफने १९६७ साली वेगवान हवेच्या हातोड्याची यंत्रे विमानाने भारतात आणली. त्याच सुमारास जालना आणि सोलापूर येथील मिशनरी संस्थांशी जोडलेले कारागीर बोअरवरच्या हातपंपांचे प्रयोग करत होते. तेथे घडलेल्या सोलापूर पंपाच्या पायावर पुढे देशभर पसरलेला इंडिया मार्क-२ उभा राहिला. १९७२ च्या दुष्काळाने उथळ विहिरींचे तळ उघडे पाडले, तेव्हा गावोगाव पिण्याच्या पाण्यासाठी बोअर घेणे हा शासकीय कामाचा भाग झाला. तोवर बोअर म्हणजे हातपंप आणि हातपंप म्हणजे हंडाभर पाणी, असेच समीकरण होते.

ते बदलले वीज, सबमर्सिबल मोटार आणि खासगी गाड्या यांनी. श्रीगोंद्यात घोड धरणाचे आणि कुकडीच्या डाव्या कालव्याचे पाणी आहे. ऊस, लिंबू, डाळिंब त्यावर उभे राहिले. पण कुकडीचा कालवा जुन्नरहून निघून शिरूर, पारनेर असा येथे येतो आणि पुढे कर्जत, करमाळ्याला जातो. लांब कालव्यावरच्या शेतकऱ्याला आवर्तनाची वाट पाहणे परवडत नाही. ज्याच्या शेतापर्यंत चारी पोहोचतच नाही त्याला तर मुळीच नाही. मग तो एजंटाला फोन करतो. गाडी बहुधा तमिळनाडूच्या तिरुचेंगोडची असते. त्या एका गावाने देशभर बोअरच्या गाड्या पाठवण्याचा व्यवसाय उभा केला आहे. दर फुटाचा ठरतो. सरळपणाचा दर कुणी विचारत नाही. दर्जा तळाशी आणि पैसे फुटावर, असा हा व्यवहार आहे.

भीमेच्या काठची काळी जमीन त्यात आपला वाटा उचलते. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. भोकातून उसळणारे पाणी आणि चिखल गाडीभोवतीच साचतो, म्हणजे पाणी लागल्याच्या आनंदाच्या घटकेलाच जॅकखालची माती मऊ होऊ लागते. जाणता चालक पायांखाली जाड फळ्या घालतो आणि रॉड जोडताना दर वेळी बुडबुड्याकडे नजर टाकतो. घाईतला चालक यांपैकी काहीच करत नाही. त्याला रात्रीत दुसरे शेत गाठायचे असते.

गाडी स्थिर झाली म्हणून खोली शक्य झाली, आणि खोली शक्य झाली म्हणून ती वाढत गेली. शेजाऱ्याचे २०० फूट म्हणून आपले ३००. केसिंग फक्त वरच्या मातीपुरते घातलेले बोअर कातळाचे अनेक थर भेदून जाते, तेव्हा वरच्या भेगांतील पाणी त्याच भोकातून खाली उतरू शकते. शेजारची जुनी, बांधीव, रुंद विहीर अशाने आटते, आणि तिच्या मालकालाही बोअरवाचून पर्याय राहत नाही. यंत्र सदोष असल्याने हे घडत नाही. उत्तम चालत असल्याने घडते.

शासनाने हे ओळखले. १९९३ च्या कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतांभोवती ५०० मीटरचे संरक्षण दिले. २००९ च्या भूजल अधिनियमाने (अंमल २०१४ पासून) शेती व उद्योगांसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई केली आणि बोअरच्या गाड्यांची नोंदणी बंधनकारक केली. ६० मीटर म्हणजे सुमारे १९७ फूट. रॉड साधारण २० फुटी असतो. कायद्याची हद्द दहावा रॉड पुरता आत जाण्याआधीच संपते, आणि ती ओलांडली गेल्याची खूण जमिनीवर कुठेही उमटत नाही. किती रॉड उतरले हे गाडीवरच्या मुलांना ठाऊक असते, आणि ती सकाळपर्यंत दुसऱ्या तालुक्यात असतात.

मागे राहतात काळ्या मातीत दबलेले चार चौकोन आणि केसिंगचे तोंड. दुपारी ऊन डोक्यावर आले, की कुणीतरी घरातला आरसा घेऊन येतो, उन्हाची तिरीप पकडून भोकात सोडतो आणि केसिंगवर वाकून पाहतो. भोक सरळ असेल तर कवडसा खोलवर पाण्यापर्यंत जाऊन चमकतो. वाकडे असेल तर तो मध्येच भिंतीवर अडतो, आणि पाहणारा त्याच जागी आरसा पुन्हा पुन्हा हलवत राहतो.