खाडा : जिनातल्या बाईचे आजारपण

जामसांवलीला पहुडलेल्या हनुमंताच्या दर्शनास जाणाऱ्याला वाटेत संत्र्याच्या बागा दिसतात आणि कापसाची शेतेही. सौंसर-पांढुर्ण्याचा हा मुलूख देवगडच्या गोंड राजांकडून नागपूरकर भोसल्यांकडे आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, हा भाग मात्र मध्य प्रदेशात राहिला. आपल्या घराण्यांच्या आठवणींत राजवटी, मालगुजारी आणि कापसाचे भाव येतात. तोच कापूस जिनात गेल्यावर यंत्रापाशी बसणारी बाई मात्र त्या आठवणींत क्वचितच येते. आजारी पडली की हजेरीच्या वहीत तिचा खाडा पडे आणि खाड्याची रोजी नसे. प्रस्तुत लेख त्या खाड्याविषयी आहे.

आजारपणात मजुरी मिळावी ही मागणी आपल्याकडे नवी नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या सुमारे ५,५०० गिरणी कामगारांनी सरकारच्या कारखाना आयोगाकडे अर्ज केला. कामावर गंभीर इजा झालेल्या कामगारास बरे होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे, हे त्यातील एक कलम होते. १८९० च्या एप्रिलमधील मुंबईच्या प्रचंड सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, आणि त्याच वर्षी रविवारची सुटी मिळाली. परंतु ही मागणी गिरणीची होती. त्याच आयोगापुढे खानदेशातील जिनांविषयी जी साक्ष झाली ती निराळी होती : घाईच्या दिवसांत तेच स्त्री-पुरुष सलग आठ-आठ दिवस रात्रंदिवस काम करीत, कारण बदलीला दुसरी माणसे मिळत नसत. जिन हंगामी होते. तेथे संघटना उभी राहण्याआधीच हंगाम संपत असे.

पुढे स्त्रियांसाठी कायदे झाले. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूती-लाभ विधेयकास पाठिंबा देताना मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याचे सांगितले. मुंबईचा कायदा १९२९ साली झाला आणि आपल्या मध्य प्रांताचा १९३० साली. मात्र लाभासाठी आधी काही महिन्यांची सलग नोकरी लागे. हंगामी बाई तेथेच अडली.

आजारपणाचा खरा कायदा १९४८ चा, कर्मचारी राज्य विमा अधिनियम. त्याची पायाभरणी प्रा. बी. पी. अडारकर यांच्या १९४४ च्या अहवालाने केली. नागपुरात ही योजना १९५४ साली आली. वर्गणी भरणाऱ्या कामगारास आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. अडारकरांची योजना मुळातच बारमाही कारखान्यांपुरती होती, आणि अधिनियमाने हंगामी कारखाने वगळले. केवळ कापूस पिंजण-सरकी काढण्याचे म्हणजे जिनिंगचे काम करणारा कारखाना त्या व्याख्येत नावानिशी आहे. म्हणजे ज्या धंद्यावर आपले बाजार वाढले, तोच धंदा आजारपणाच्या हक्काबाहेर ठेवला गेला.

पगारी रजेचेही तसेच. १९४८ च्या कारखाना कायद्यात त्यासाठी वर्षात २४० दिवसांचे काम लागे. जिनाचा हंगाम चार-पाच महिन्यांचा. प्रसूतीच्या बाबतीत पुढे दार थोडे उघडले : १९६१ च्या कायद्यात १९८८ च्या दुरुस्तीने बारा महिन्यांत ८० दिवसांचे काम पुरेसे ठरले. साध्या तापासाठी मात्र तसे काही झाले नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. पगारी रजेची अट १८० दिवसांवर आली, तरी हंगाम तिच्यापेक्षा आखूडच. आणि विम्याच्या प्रकरणातून हंगामी कारखाना याही वेळी वगळलेला आहे.

अल्प मुदतीच्या कामाची वर्गणी अल्प, म्हणून विमा परवडत नाही, हा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. पण हीच बाई हंगाम सरल्यावर संत्र्याच्या तोडणीला जाते, निंदणीला जाते. ती बारमाही राबते. हंगामी असतो तो तिचा मालक. वर्गणी कारखान्याच्या नव्हे, बाईच्या नावाने चालली, तर हा युक्तिवाद उरत नाही.

आपल्यापैकी काहींच्या घरी जुन्या जिनांच्या हिशेबाच्या चोपड्या आणि हजेरीवह्या असतील. त्या रद्दीत घालू नयेत. भावांच्या आकड्यांबरोबर त्यांतले खाडेही मोजावेत. त्याखेरीज या मुलखाचा कापसाचा इतिहास पुरा होणार नाही.