हवेचं लायसन

राउटर कसा बसवायचा हे सांगणारी पानं ढिगाने सापडतील. खोका उघडा, वायर लावा, पासवर्ड टाका, झालं. म्हणून आज तो कसा बसवायचा यापेक्षा तो बसवायला आपल्याला कोणाची परवानगी का लागत नाही, यावर लिहायचं ठरवलंय. हा प्रश्न मुळात माझा नाहीच. चाकूरला आमच्या काकांनी विचारला.

चाकूरचं आमचं घर अर्धं जुनं माळवदाचं आणि अर्धं नव्या स्लॅबचं आहे. फायबरची वायर पुढच्या खोलीत येते, टीव्ही मधल्या घरात. मी एका जुन्या लॅपटॉपवर कीर्तनांची रेकॉर्डिंग आणि चारदोनशे सिनेमे भरून नेले होते. राउटर लावला, लॅपटॉप पुढच्या खोलीतच ठेवला आणि टीव्हीवर कीर्तन सुरू केलं. काकांनी टीव्हीच्या मागे हात घालून वायर शोधली. सापडली नाही. मग म्हणाले, "हवेतनं येतंय म्हन्तोस. मग ह्याचं लायसन कुटं काढायचं?"

मला हसू आलं, पण काका आत गेले आणि आजोबांच्या ट्रंकेतून एक छोटं पुस्तक घेऊन आले. रेडिओचं लायसन! आत वर्षावर्षाच्या नोंदी आणि पोस्टाचे शिक्के. आमच्या पिढीला हे ऐकूनही खरं वाटत नाही, पण आपल्या देशात घरी रेडिओ ठेवायला परवाना लागायचा. पोस्टात जाऊन तो दरवर्षी नवा करून घ्यायचा. सत्तरच्या दशकात त्याची फी वर्षाला १५ रुपये होती. आणि हे पैसे बोलायचे नव्हेत बरं का, नुसतं ऐकायचे!

याच्या मुळाशी दोन कायदे. पहिला १८८५ चा टेलिग्राफ कायदा, म्हणजे तारांचा. त्यात संदेशवहनाची मक्तेदारी सरकारकडे. दुसरा १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा. त्यात बिनतारी यंत्र परवान्याशिवाय नुसतं जवळ बाळगणं हाच गुन्हा. साहेबाला भीती कशाची होती ते उघड आहे. नवल याचं की साहेब गेला तरी पुस्तकं आणि शिक्के चालूच राहिले, पार ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत.

मराठवाड्याची गोष्ट आणखी वेगळी. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. तिथे हैदराबाद आणि औरंगाबादला संस्थानाची स्वतःची रेडिओ केंद्रं होती. ती १९५० मध्ये आकाशवाणीत आली. म्हणजे चाकूरच्या हवेने आधी हैदराबादचा धनी पाहिला आणि मग दिल्लीचा. चाकूरकरांचा त्यात शब्द नव्हता. (चाकूरकर म्हटल्यावर तुम्हाला जे नाव आठवलं त्यांचाही इथे संबंध आहे. शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष असतानाच, डिसेंबर १९९४ पासून, संसदेतला प्रश्नोत्तराचा तास दूरदर्शन आणि आकाशवाणीवर थेट सुरू झाला. असो.)

"हवा कोणाची?" हा प्रश्न कोर्टात सरळ विचारला गेला तो क्रिकेटमुळे. १९९३ चा हीरो कप आठवतोय? बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला विकले. सरकार १८८५ चा कायदा घेऊन आडवं आलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंतांचं, म्हणजे आपल्या मराठी माणसाचं. सार असं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकारने तिची राखण करावी आणि जनहितासाठी तिचं नियमन करावं, पण ती सरकारची खाजगी जहागीर नाही. मला विचाराल तर घरगुती वायफायच्या भारतीय इतिहासात हा निकाल पहिल्या पानावर पाहिजे, जरी त्यात वायफायचा शब्दही नसला तरी.

आता जरा अमेरिकेत जाऊ, कारण आपल्या राउटरच्या लहरी तिथल्या एका कचराकुंडीतून आल्यात. १९४७ मध्ये अटलांटिक सिटीला आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. त्यात लहरींचे काही पट्टे कारखाने, विज्ञान आणि वैद्यकीय यंत्रांसाठी बाजूला ठेवले गेले. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा त्यातलाच. मायक्रोवेव्ह भट्टी याच पट्ट्यात तापते. इतका गोंगाट असलेल्या जागेत संदेश कोण पाठवणार? म्हणून ती कोणी मागितलीच नाही.

मग १९८५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने ठरवलं की या पट्ट्यांत संदेशही पाठवा, लायसन नको. अट एवढीच की ताकद कमी ठेवा, संदेश रुंद पट्ट्यावर पसरून पाठवा आणि दुसऱ्याचा गोंगाट निमूट सोसा. यामागे आयोगातला मायकेल मार्कस नावाचा इंजिनिअर होता. मोठ्या कंपन्या खूश नव्हत्या. सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत कोण, तर दुकानातल्या गल्ल्याची यंत्रं बनवणारी एनसीआर कंपनी! दुकानाची मांडणी बदलली की वायरी उखडाव्या लागायच्या, ती कटकट तिला नको होती. तिथल्याच व्हिक हेस यांनी प्रमाण ठरवणाऱ्या समितीचं अध्यक्षपद वर्षानुवर्षं सांभाळलं आणि १९९७ मध्ये ८०२.११ हे प्रमाण आलं. 'वायफाय' हे बारसं १९९९ चं.

जाता जाता एक. हॉलिवूडच्या नटीने वायफाय शोधलं, असा मेसेज तुम्हालाही आला असेल. हेडी लमार हिने १९४२ मध्ये टॉर्पेडोसाठी लहरी बदलत राहण्याच्या युक्तीचं पेटंट घेतलं, हे खरं. ८०२.११ च्या पहिल्या आवृत्तीत त्या जातीचा एक पर्यायही होता. पण घराघरात जे पोचलं ते वेगळ्या पद्धतीवर चालतं. बाई हुशार होत्याच. त्यासाठी थापा मारायची गरज नाही.

सगळे एकाच हवेत बोलायला लागल्यावर गोंधळ का होत नाही? याचं उत्तर १९७१ च्या हवाई बेटांवरच्या अलोहानेटमध्ये आहे. तिथला नियम होता: बोलायचं तेव्हा बोला, पोच आली नाही तर थोडा वेळ थांबून पुन्हा बोला. आणि हा 'थोडा वेळ' प्रत्येकाचा वेगळा, नशिबावर सोडलेला. वायफायने त्यात सभ्यपणा घातला. आधी कान द्यायचा, कोणी बोलत नसेल तरच तोंड उघडायचं. गावातल्या पारावर असंच चालतं. तिथे सरपंचाने कोणाला बोलायचं लायसन दिलेलं नसतं.

भारतात हे सगळं पोचायला वेळ लागला, कारण तो १९३३ चा कायदा जागचा हलला नव्हता. आधी २००२ मध्ये इमारतीच्या आत २.४ चा पट्टा वापरायची मोकळीक मिळाली. खरी सुटका २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने झाली. २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झमध्ये, ठरलेल्या ताकदीच्या आत, घरात आणि बाहेर लायसन नको. ५ गिगाहर्ट्झचे काही पट्टे त्याच दिवशी मोकळे झाले, पण फक्त घराच्या आत. बाहेरची मुभा मिळाली २०१८ मध्ये. गंमत म्हणजे बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँडही जानेवारी २००५ मध्येच आलं. त्या वेळी २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचे. एकाच महिन्यात नळही आला आणि घागरही!

दोन्ही जुने कायदे मोडीत काढणारा दूरसंचार कायदा मात्र २०२३ साली झाला.

काकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजी फुकट हाय." हो काका, फुकट आहे.

पण हवेचं लायसन माफ झालं तरी भिंतीचं होत नाही, आणि चाकूरला ही अडचण मोठी. आमच्या माळवदाच्या भिंती दोन फुटांवर जाड, दगड आणि मातीच्या. ५ गिगाहर्ट्झ तिथे पार मरतो, २.४ कसाबसा पलीकडे जातो. या भिंतींचा राग येत नाही, भीती वाटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जवळपास दहा हजार माणसं गेली, ती बहुतेक अशाच दगडी भिंती आणि वरच्या मातीच्या वजनाखाली. त्यानंतर जिल्ह्यात ज्याला जमेल तो सळई आणि सिमेंटकडे वळला. आमची नवी बाजू त्याच भीतीतून बांधलेली आहे. तिथे भिंत पातळ असली तरी स्लॅबमधली सळईची जाळी लहरींना अडवते, वरच्या मजल्यावर सिग्नल निम्माही उरत नाही. काही हरकत नाही. डोक्यावर तो स्लॅब असलेला बरा.

शेवटी मी असं केलं. जुन्या भिंतीत विजेच्या वायरीसाठी पूर्वीच पाडलेलं भोक होतं, त्यातून एक नेटवर्कची केबल मधल्या घरात ओढली आणि तिच्या टोकाला दुसरा छोटा राउटर लावला. टीव्हीला त्याचा ५ गिगाहर्ट्झ, फोनना २.४. शेजाऱ्यांचे दोन राउटर १ आणि ६ नंबरच्या चॅनेलवर बोलत होते, म्हणून आमचे दोन्ही ११ वर ठेवले. हे तीनच एकमेकांच्या अंगावर पडत नाहीत. चांगल्या प्रतीच्या सिनेमाला पाच-सहा एमबीपीएस पुरतात. लॅपटॉप ते टीव्ही हा प्रवास घरातल्या घरात होत असल्यामुळे बाहेरची लाइन बंद पडली तरी कीर्तन थांबत नाही. वीज गेली तर थांबतं, म्हणून टीव्ही, लॅपटॉप आणि दोन्ही राउटर इन्व्हर्टरवर घेतले.

काकांनी आजोबांचं पुस्तक परत ट्रंकेत ठेवलं नाही. राउटरच्या खोक्यात टाकलं, पावती आणि वॉरंटी कार्डाच्या शेजारी. म्हणाले, "असू दी. कुनी आलंच इचारायला तर दाखवाया."